शेतातलं गुलाबी घर

तुळशीचं लग्न लागलं की माझा धंदा सुरू होतो आणि आषाढ लागला की थंडावतो. जालन्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नांचे फोटो आणि शूटिंग हे मुख्य काम. पावसाळ्यात बारशी, डोहाळजेवणं, शाळांचे ग्रुप फोटो असं किरकोळ. त्या रिकाम्या महिन्यांत कॅमेरा गळ्यात अडकवून मोटारसायकलवर निघायचं, गावोगावची बंद पडलेली घरं शोधायची आणि त्यांचे फोटो काढायचे, हा नाद मला लागला त्याला आता बरीच वर्षं झाली.

सुरुवात बदनापूरच्या पुढच्या एका गावात झाली. एका लग्नाचा अल्बम न्यायला कोणी येईना म्हणून मीच द्यायला गेलो, तर घराला कुलूप. शेजारच्या बाईनं सांगितलं, नवराबायको वाळूजला कंपनीत लागले आणि म्हातारा-म्हातारीलाही घेऊन गेले. चौकटीवर लग्नात बांधलेलं आंब्याच्या पानांचं तोरण तसंच होतं, वाळून चुरा व्हायला आलेलं. त्याच चौकटीत उभं करून मी नवरीचे फोटो काढले होते. तेव्हा तिथं इतकी गर्दी होती की मला मागं सरकायला जागा नव्हती. त्या दिवशी पहिल्यांदा मी कोणी नसलेल्या दाराचा फोटो काढला. का काढला ते सांगता येणार नाही. अल्बम शेजारणीकडं ठेवला आणि निघून आलो.

मग सवयच झाली. पडक्या वाड्यांकडं मी फारसा जात नाही. ते सगळेच काढतात, आणि तिथून माणसं जाऊन इतका काळ लोटलेला असतो की नुसता दगड उरतो. मला ओढून घेतात ती अलीकडं बंद झालेली घरं. स्लॅबची, पत्र्याची. भिंतीवर कॅलेंडर लटकलेलं, बटणांच्या बोर्डावर बोटांचे डाग. अंबडकडच्या एका गावात एका शिंप्याचं घर होतं. खिडकीतून फरशीवर शिलाई मशीनच्या पायांचे ठसे दिसत होते आणि आजूबाजूला रंगीत दोऱ्यांचे तुकडे. शेजारची म्हातारी दारात येऊन म्हणाली, "अंदर क्या देखता बेटा, सब लोगां हैदराबाद गए." तिनं चहा दिला. मी त्या ठशांचा फोटो काढला. घरी बायकोला दाखवला तर ती म्हणाली, "सगळा हंगाम माणसं काढता ना, मंग हे कामून?"  

त्या वर्षी भाद्रपदात मी राजूरला गणपतीच्या दर्शनाला गेलो होतो. दर्शन लवकर झालं. दुपार पडलेली, ऊन-सावलीचा खेळ चाललेला, म्हणून परत येताना मुख्य रस्ता सोडून आतल्या कच्च्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूला कपाशी कमरेएवढी आली होती. एका वळणावर शेतात थोडं आत एक गुलाबी रंगाचं घर दिसलं. स्लॅबचं, बाहेरून जिना, जिन्याला कठडा नाही. रंग चांगलाच टिकून होता, पण अंगणात गाजरगवत छातीपर्यंत वाढलेलं. एवढ्या चांगल्या घरात कोणी राहत नाही, हे लांबूनच कळत होतं.

पुढच्या दाराला कुलूप होतं. मागं गेलो तर मागचं दार नुसतं लोटलेलं. "कोणी हाय का?" म्हणून दोनदा हाक मारली आणि आत गेलो.

स्वयंपाकघरात काळ्या कडप्प्याचा ओटा, त्यावर डब्यांच्या बुडांचे गोल डाग. देवळीत देव नव्हते, कुंकवाचा डाग होता. मधल्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी बांधलेली आणि त्या दोरीला एकच प्लास्टिकचा चिमटा. मी एकेक फोटो काढत पुढच्या खोलीत आलो. तिथं दाराच्या वर एक फ्रेम लटकत होती. लग्नातला जोडीचा फोटो, दोघांच्या हातात मिळून एक कापडाचं गुलाब. खालच्या कोपऱ्यात सोनेरी अक्षरं होती. मी टाचा वर करून रुमालानं धूळ पुसली. ते माझ्या स्टुडिओचं नाव होतं.

मी बराच वेळ तो फोटो बघत राहिलो. मुलगी सावळी, रुंद कपाळाची. मुलगा नेहमीच्या नवरदेवांसारखा अवघडलेला. फोटो माझ्याच हातचा, आणि मला दोघांचीही ओळख पटेना. अशी लग्नं मी किती लावली असतील कॅमेऱ्यातून. मग परत मागच्या दाराशी आलो. दारातून एक विहीर दिसत होती. बांधीव होती, पण कठडा बुटका. दाराच्या चौकटीत ती बरोबर मधोमध बसत होती आणि ढगातून ऊन नेमकं तिच्यावर पडलं होतं. मी गुडघ्यावर बसून तो फोटो काढला.

तेवढ्यात बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला.

"ए, बाहेर ये. हात दिसू दे दोन्ही."

पोलिसांची गाडी होती. पन्नाशीचे एक हवालदार आणि एक तरुण महिला शिपाई. त्या महिन्यात त्या भागात शेतातल्या पाण्याच्या मोटारी आणि केबल चोरीला जात होत्या. पलीकडच्या शेतातून कोणीतरी मला आत शिरताना बघितलं होतं आणि फोन केला होता. शिपाईबाई माझ्या गाडीच्या नंबरचा फोटो घेत होत्या. हवालदारांनी माझ्या गळ्यातला कॅमेरा काढून स्वतःच्या हातात घेतला.

"काय करून राह्यला आत?"

"फोटो काढून राह्यलो साहेब."

"कशाचे?"

"घराचे."

"ह्या घराचे?" त्यांचा आवाज बदलला. "कोण्या पार्टीनं पाठवलं तुला? पोरीकडच्या का पोराकडच्या?"

मला काहीच कळलं नाही. मी म्हणालो, "साहेब, माझा स्टुडिओ हाय जालन्याला. मला कोणीच पाठवलं न्हाई. बंद घरं दिसली की मी फोटो काढतो."

"कशासाठी?"

"असंच. आवड."

"आवड," ते म्हणाले आणि शिपाईबाईंकडं बघितलं. "बस गाडीत. ठाण्यात सांग आवड काय ती."

माझी मोटारसायकल शिपाईबाईंनी मागून आणली. ठाण्यात मला एका बाकावर बसवलं. कोणी हात लावला नाही, अंगावरही ओरडलं नाही. शिपाईबाईंनी आधार कार्ड बघितलं, स्टुडिओच्या नंबरवर फोन लावला. तो बायकोनं उचलला. "तिथंच हायेत का ते? काय केलं त्यांनी?" हा तिचा आवाज मला बाकावरून ऐकू आला. हवालदार कॅमेऱ्यातले फोटो मागं मागं नेत बघत होते. शिंप्याच्या घरातले ठसे, कुठल्या तरी गावातली कुलपं, गंजलेला पाळणा. हळूहळू त्यांच्या कपाळावरच्या आठ्या उतरल्या. मग 'तू'चं 'तुम्ही' झालं.

"पण ह्याच घरात कामून शिरले तुम्ही?"

"रंग दिसला म्हणून. साहेब, एक सांगू का? आत भिंतीवर लग्नाची फ्रेम हाय. त्यातला फोटो मीच काढलेला हाय. माझं नाव हाय त्याच्यावर."

त्यांनी कॅमेरा टेबलावर ठेवला. "परत सांगा."

मी परत सांगितलं. ते उठले, बाहेर जाऊन चहा सांगून आले आणि माझ्या समोर बसले.

"ती पोरगी वारली," ते म्हणाले. "त्या मागच्या विहिरीत सापडली. लग्नाला दोन वर्षं बी झाले नव्हते. पंचनाम्याला मीच होतो."

मग त्यांनी जे सांगितलं ते तुकड्या-तुकड्यानं सांगितलं. मुलीच्या माहेरच्यांचं म्हणणं होतं की तिला त्रास होता. सासरचे म्हणत होते, पाणी काढताना पाय घसरला. नवरा आणि सासू आत गेले, जामिनावर बाहेर आले, केस चालली. "सुटले," हवालदार म्हणाले. "पुरावा पुरला न्हाई. गावानं मात्र त्यांना राहू दिलं न्हाई. म्हणजी कोणी हाकललं न्हाई, पण कोणी बोलायचंच न्हाई त्यांच्याशी. गेले सुरतेकडं का कुठं. त्या घरात आता गावातलं कोणी पाय ठेवत न्हाई."

चहा आला. मी कप तसाच खाली ठेवला. ज्या मुलीला मी तासाभरापूर्वी भिंतीवर बघून ओळखलं नव्हतं, तिच्या विहिरीचा फोटो मी गुडघ्यावर बसून, ऊन बघून काढला होता.

"तिची आई अजून येती इथं," हवालदार म्हणाले. "केस संपली, सांगून थकलो. तिला काही केस नकोय. पोरीचा फोटो मागती. अल्बम सासरचे घेऊन गेले. फोटोवाला बी त्यांनीच ठरवलेला, कुठला ते हिला माहीत न्हाई. पोरीचा मोबाईल तिच्याबरोबरच पाण्यात गेला. पेपरात छापला तो बी आधार कार्डावरचा. आमच्या फायलीत हायेत फोटो, पण ते आईनं बघायचे न्हाईत. मी म्हणतो मावशी, ते नका मागू. तरी येती."

शिपाईबाई खिडकीपाशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "दादा, तुमच्याकडं असतील ना हो जुने फोटो? कॉम्प्युटरमध्ये?"

"असतील," मी म्हणालो. "बघावं लागेल."

हवालदारांनी कॅमेरा परत दिला. घराचे फोटो पुसून टाका असं म्हणतील असं वाटलं होतं, पण ते तसं काही म्हणाले नाहीत. गाडीपर्यंत सोडायला आले तेव्हा एवढंच म्हणाले, "यापुढं गावात आधी कोणाला तरी विचारत जा. पोलिस पाटलाला म्हणा, सरपंचाला म्हणा. घर बंद असलं तरी ते कोणाचं तरी असतं."

घरी आलो तेव्हा बायको दारातच उभी होती. तिला सगळं सांगितलं. ती आत जाऊन स्टुडिओच्या लोखंडी कपाटाची चावी घेऊन आली.

कपाटात जुन्या हार्ड डिस्क होत्या, बुटांच्या खोक्यात एकावर एक ठेवलेल्या. मला ना लग्नाची तारीख माहीत होती, ना मुलीचं माहेरचं नाव नीट कळलेलं. बायकोनं विचारलं, फ्रेममध्ये दोघं कसे उभे आहेत? मी सांगितलं, दोघांच्या हातात कापडाचं गुलाब आहे. ती म्हणाली, "मंग सोपं हाय. ते गुलाब तुम्ही एकच हंगाम वापरलं. पुढं त्याची पाकळी फाटली तर मीच फेकून दिलं." त्या हंगामाची डिस्क लावली तर ती नुसती कटकट वाजायला लागली. बंद केली, थंड होऊ दिली, परत लावली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती एकदाची उघडली.

आम्ही दोघं शेजारी बसून ते लग्न बघत होतो. हळद, देवक, मुंडावळ्या, अक्षता, सप्तपदी, पाठवणी. मी तिच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होतो. काय ते मलाही माहीत नव्हतं. भीती, नाराजी, एखादी खूण. तसं काहीच नव्हतं. ती इतर नवरी मुलींसारखीच होती. हळदीला हसत होती, दुपारी दमली होती, जेवणाच्या पंगतीत कोणीतरी भरवलेला घास गालात धरून कॅमेऱ्याकडं बघत होती. एका फोटोत डोळे मिटलेले, एकात जांभई दाबलेली. असे फोटो आम्ही अल्बममध्ये घेत नाही. बायको म्हणाली, "हे सगळे द्या त्यांना. मिटलेले बी द्या."

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "आणि त्याचं काय करणार?"

नवऱ्याबद्दल विचारत होती. मी त्या फोटोंवर दोन दिवस बसलो. जिथं तो लांब होता तिथं कापला. जिथं अगदी लगत होता तिथं तेवढे फोटो सोडून दिले. तरी काही ठिकाणी तिच्या खांद्यावर त्याच्या उपरण्याचं टोक राहिलंच. ते काढायला गेलो तर तिचा खांदाही जायला लागला, म्हणून राहू दिलं.

हवालदारांनी मुलीच्या आईवडिलांना आधी फोन करून ठेवला होता. मी गेलो तेव्हा सोयाबीन निघालं होतं. भोकरदनकडचं गाव, रस्त्याला लागूनच घर, अंगणात मोठा कडुलिंब. मुलीचे वडील शेंगांच्या ढिगावर ताडपत्री ओढत होते. त्यांनी हातानंच आत जा म्हणून खूण केली. आई चुलीपाशी होती. बारीक अंगाची बाई. मला बघून उठली, पाण्याचा तांब्या दिला आणि समोर जमिनीवर बसली.

मी पाकीट पुढं केलं. तिनं ते घेतलं नाही. आधी उठून हात परत धुतले, कोरडे केले, एक धुतलेला टॉवेल अंथरला आणि मग पाकीट उघडून एकेक फोटो त्यावर मांडायला लागली. पहिला हळदीचा होता, याच अंगणातला. ती म्हणाली, "हा तर आपला लिंब." मग जरा थांबून चेहऱ्याकडं आली. बोटाच्या टोकानं डाग पडेल म्हणून तिनं बोटाची मागची बाजू फोटोवरून फिरवली. वडील आत येऊन भिंतीला टेकून उभे राहिले होते. "हा शालू तिनंच पसंत केल्ता," ते एवढंच म्हणाले आणि परत बाहेर गेले. बाहेर ताडपत्रीचा आवाज सुरू झाला.

आई रडली नाही. सगळे फोटो मांडून झाल्यावर तिनं विचारलं, "दादा, शूटिंग बी केल्ती ना तुमी?"

"केली होती मावशी. आणलीय."

"मंग त्याच्यात ती बोलत आसंल."

मला हाच प्रश्न नको होता. त्या काळात आम्ही सगळेच शूटिंगवर सिनेमाची गाणी टाकत होतो. सुरुवातीपासून शेवटपर्यंत गाणी, मध्ये फक्त मंगलाष्टकं. मूळचा आवाज कोणाला नकोच असायचा. गर्दी, भांडी, जनरेटर. नवं काम आलं की मूळ चित्रण पुसून त्याच कार्डावर पुढचं लग्न. मी तिला हे समजेल असं सांगितलं.

"म्हंजी दिसती, पण बोलत न्हाई."

"हो मावशी."

"बरं," ती म्हणाली. एक फोटो सरळ करून ठेवला. "पहिल्या वर्षी ऐकू यायची मला. घरात काम करून राह्यले की मागून हाक मारल्यासारखं. आता तोंड येतं डोळ्यापुढं, बोलणं न्हाई येत. म्हणून म्हणलं."

मग तिनं माझ्याकडं नीट बघून विचारलं, "तुमाला आठवती का ती? दिवसभर तुमी तिच्या पुढ्यातच होते."

हो म्हणावं असं फार वाटलं. एखादं वाक्य बनवून सांगितलं असतं तरी तिला ते पुरलं असतं. पण तोंडाशी आलेलं गिळलं. "न्हाई मावशी. खोटं कसं सांगू. लई लग्नं होते त्या हंगामात."

तिला राग आला नाही. "तुमाला न्हाई आठवत, पण तिचं ध्यान होतं तुमच्यावर," ती म्हणाली. "अक्षता पडायच्या आधी मला जवळ बोलवून म्हणली, आई, त्या फोटोवाल्या दादानं सकाळपून काही खाल्लं न्हाई, उभेच हायेत. त्यांना दोन लाडू तरी दे. मी म्हणलं, तुझं लगीन हाय बाई, तू कशाला बघती. मंग दिले मी लाडू. तुमच्या हातावर ठिवले."

मला लाडूही आठवेनात. लग्नात कोणी ना कोणी हातावर काही ठेवतंच, आपण ते खातो आणि परत कॅमेरा डोळ्याला लावतो. मी मान खाली घातली आणि अंथरलेल्या फोटोंकडं बघत राहिलो.

"हवालदार म्हणले, तुमी त्या घरात गेल्ते."

"हो. बंद घरांचे फोटो काढतो मी. मला माहीत नव्हतं मावशी."

"दावा."

"कशाला बघता?"

"मी त्या घरात दोनदाच गेले. एकदा सत्यनारायणाला, तवा पुढच्या खोलीतच बसवलं. दुसऱ्यांदा अंगणातच थांबवलं, पोलिस होते. पोरगी कुठं राहत होती ते मी बघितलंच न्हाई. दावा."

मी कॅमेरा सुरू करून तिच्या शेजारी बसलो. ती त्या छोट्या पडद्यावर अगदी वाकून बघत होती. ओट्याचा फोटो आला तेव्हा म्हणाली, "उंच केला हाय ओटा. ती बुटकी. पाट ठिवून उभी राहत आसंल." दोरीवरचा चिमटा आला. "हे काय हाय?" मी सांगितलं. "कपडे आतच वाळू घालायची व्हय," ती म्हणाली. प्रत्येक फोटोवर ती असं काहीतरी बोलत होती, जणू मुलीच्या घरी पहिल्यांदा आली आहे आणि एकेक खोली बघते आहे.

पुढचा फोटो मागच्या दारातून काढलेला होता. माझा अंगठा बटणावर थांबला.

"फुडं," ती म्हणाली.

"मावशी, पुढं नको."

"हिरीचा हाय ना? दावा. मी तेच बघायला बसले."

मी फोटो पुढं नेला. तिनं कॅमेरा माझ्या हातातून घेतला आणि दोन्ही हातांत धरला. बाहेर ताडपत्रीचा आवाजही थांबला होता. दारात वडील उभे होते, पण आत येत नव्हते.

"एवढ्या जवळ," ती म्हणाली. मग कॅमेरा डोळ्यांजवळ धरून, "पाणी हाय का अजून?"

"मी वाकून न्हाई बघितलं."

"बरं केलं." तिनं कॅमेरा मला परत दिला. "पडली, उडी टाकली का कोणी लोटली, ते कोर्टाला कळलं न्हाई, मला कसं कळंल. पण दादा, ती हिरीला भ्यायची. इथं बी कधी हिरीवर गेली न्हाई. पाणी मीच आणायची. मंग तिथं रोज कशी जात आसंल, हे माझ्या मनातून जात न्हाई. दुसरं काही न्हाई मला विचारायचं कोणाला."

दारातून वडील म्हणाले, "बस आता. त्यांना च्या दे."

चहा झाला. निघताना तिनं पिशवीत भुईमुगाच्या शेंगा भरून दिल्या. मी नको म्हणालो नाही. जोडीची ती फ्रेम त्या घरातून आणून देऊ का, पोलिसांना विचारून, असं मी विचारलं. तिनं नको म्हटलं. त्यात तो आहे ना, एवढंच म्हणाली. गाडी सुरू केली तेव्हा वडील जवळ आले. त्यांनी माझ्या सीटवर पडलेली लिंबाची काडी उचलून बाजूला टाकली आणि परत ढिगाकडं गेले.

त्यानंतर बंद घरांचे फोटो मी कमी केले. नाद सुटला नाही, पण आत जात नाही. आधी गावात विचारतो, हे घर कोणाचं, कुठं गेले, का गेले. लोक सांगतात. ते ऐकलं की पुष्कळदा फोटो न काढताच परत येतो. पुढच्या उन्हाळ्यात एका लग्नाला जाताना तोच कच्चा रस्ता लागला. गुलाबी घराच्या भोवतीचं शेत कोणीतरी नांगरलं होतं. घराचं मागचं दार विटांनी बुजवून टाकलेलं. मी गाडी थांबवली नाही.

आता लग्नाच्या शूटिंगमध्ये हळदीच्या वेळचा थोडा भाग मी गाण्याविना ठेवतो. लोकांना ते आवडतंच असं नाही. एका नवऱ्या मुलाचे मामा मला म्हणाले, "इथं गाणं टाकायचं विसरले का?" मी म्हणालो, हो, विसरलो.

दिवाळीनंतर एकदा दुपारी स्टुडिओत फोन आला. तिची आई होती. आधी तिनं पावसाचं विचारलं, माझ्या मुलांचं विचारलं. मग म्हणाली, "दादा, त्या फोटोतला एक विचारायचा होता. पाठवणीच्या आधीचा. ती गाडीपाशी उभी हाय आणि कोणाला तरी हात करून राह्यली. आमी दोघं रोज बघतो, कोण हाय ते दिसत न्हाई. तुमच्या कॉम्प्युटरात मोठा होतो का?"

मी तिला थांबायला सांगितलं आणि तो फोटो उघडला. जेवढा मोठा होईल तेवढा केला. तिचा वर केलेला हात, हातातल्या हिरव्या बांगड्या, मागं गाडीचं उघडं दार, कडेला कोणाच्या तरी फेट्याचा शेमला. ती जिकडं बघत होती तिकडं फोटो संपत होता.

"मावशी, ज्याला हात केलाय ते माणूस फोटोत आलंच न्हाई," मी म्हणालो. "बाहेर राह्यलंय."

पलीकडं तिनं ते मुलीच्या वडिलांना सांगितलेलं ऐकू आलं.

"मंग मीच आसंल," ती म्हणाली. "मी दारात उभी होते तवा."